बिनतारणी दया

दया ही चीज बँकेतल्या माणसाला कळायला अंमळ जडच. आमच्याकडे एकीकडे नावे पडलं की दुसरीकडे जमा झालंच पाहिजे. व्हाउचरशिवाय साक्षात परमेश्वराचीही नोंद व्हायची नाही. आणि कॅथलिक पंथातली ‘दैवी करुणे’ची भक्ती म्हणते, देवाच्या दारी तारण नको, जामीनदार नको, भरवसा ठेवा, पुरे!

हे सांगणारी कोण, तर पोलंडमधली सिस्टर फाउस्तिना. शाळा जेमतेम तीन वर्षं. मठात स्वयंपाक करायचा, बाग राखायची, दार उघडायचं, ही तिची कामं. १९३१ साली तिला ख्रिस्ताचं दर्शन झालं आणि तसं चित्र काढून घेण्याची आज्ञा झाली, असं तिनं लिहून ठेवलंय. १९३८ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ती गेली. पुढं १९५९ साली रोमच्या कचेरीनं या भक्तीवर बंदी घातली, ती उठली १९७८ साली. म्हणजे दयेचंसुद्धा प्रकरण एकोणीस वर्षं पेंडिंग! अखेर २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संतपद दिलं.

पण खरी मेख पुढंच आहे. मिळालेली दया स्वतःच्या खात्यात ठेवायची सोय नाही. कृतीनं, शब्दानं, तेही न जमलं तर प्रार्थनेनं ती शेजाऱ्याला पोचती करायची. बायबलात एक कर्जदार आहे. राजानं त्याचं दहा हजार तालांतांचं कर्ज माफ केलं. बाहेर पडताच यानं शंभर दिनारांसाठी दुसऱ्याची मानगूट धरली. एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार. करा हिशेब : माफी सहा कोटींची, वसुली शंभराची! आपलं वेगळं काय असतं? आपली चूक म्हणजे ‘चालायचंच’. दुसऱ्याची म्हणजे ‘नियम म्हणजे नियम’. हल्ली तर दुसऱ्याची चूक फोनवरून घटकाभरात गावभर होते आणि मग जन्मभर पुसली जात नाही.

मग ज्याचे शंभर खरोखरच बुडाले, त्यानं काय करायचं? इथं मात्र आमचं खातेवहीचं शास्त्र कामाला येतं. कर्ज माफ करायचं तर आधी ते वहीत नीट लिहावं लागतं. रक्कम लपवणं ही दया नव्हे, ती अफरातफर. आकडा पुरता वाचून, सही करून सोडून देणं, ती दया. म्हणूनच ती महाग पडते.

ख्रिस्तानं प्राण सोडला ती दुपारी तीनची वेळ या भक्तीत प्रार्थनेची मानतात. कचेऱ्यांतून ती चहाची वेळ. त्या वेळी काउंटरपुढं एखादा म्हातारा चुकीचा फॉर्म भरून उभा असतो. चहा निवू द्यावा, हे माझं मत. सुरुवात म्हणून एवढी दया पुष्कळ झाली.