प्रारब्ध आणि विडी

सज्जनहो, उतारवयात कित्येकांना विठोबाची वीट दिसते, कटीवरचे कर दिसतात; पण श्रीमुखावर धुके! डोळ्यातील पडद्याचा मध्य झिजला की असे होते. आम्ही 'प्रारब्ध' म्हणून गप्प बसतो. २००५ साली अमेरिकेतील संशोधकांना याचे एक बीज सापडले: शरीराच्या रक्षकांना आवरणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातील फरक. लगाम सुटला की रक्षकच घर जाळतात. हे बीज वाडवडिलांचे, ते प्रारब्ध खरे. पण विडीचा धूर याच रोगाला बळ देतो. ते मात्र आमचे क्रियमाण! बाबांनो, विडी टाका. सरळ रेघ वाकडी दिसू लागली तर तत्काळ नेत्रवैद्य गाठा. रक्तवाहिन्या पाझरत असतील तर वेळेवर घेतलेल्या इंजेक्शनाने उरली दृष्टी बहुधा राखता येते. वारीनंतर बघू, म्हणू नका. देव विटेवर उभाच आहे. डोळा थांबत नाही. रामकृष्ण हरी!