शेजाऱ्याचं कर्ज

लिलावाला माणसं सकाळपासूनच जमायची. आयोवा, नेब्रास्का या शेतीवर जगणाऱ्या अमेरिकी राज्यांत १९३१-३२च्या सुमारास अशा लिलावांना तोटा नव्हता. मक्याचा भाव इतका कोसळला होता की काही घरांत कोळशाऐवजी मकाच शेगडीत जाळत. हप्ता थकला की बँक न्यायालयात जायची आणि शेरीफ घोडे, गाई, नांगर अंगणात मांडून बोली पुकारायचा. एरवी बोली चढते. इथे मात्र कुणी घोड्याला पाच सेंट म्हणायचा, दुसरा नांगराला दहा, आणि मग सगळं अंगण गप्प. बाहेरगावचा कुणी जास्त बोलायला लागलाच, तर दोन-चार दांडगे शेतकरी त्याला खेटून उभे राहत. धान्याच्या कोठारावर टांगलेला दोरीचा फास त्याला नीट दिसेल, याची काळजी आधीच घेतलेली असे. पाच-सहा डॉलरांत लिलाव आटोपल्याची उदाहरणं आहेत. दिवेलागणीला जनावरं पुन्हा मूळ मालकाच्याच गोठ्यात.

या प्रकाराला नाव पडलं ‘पेनी ऑक्शन’. त्यात बँकेचं नुकसान व्हायचं आणि त्या बँकेत ठेवी असायच्या त्याच पंचक्रोशीतल्या लोकांच्या. म्हणजे शेजाऱ्याला वाचवताना स्वतःच्याच खिशाला चाट. तरीही लोक जात. शेजाऱ्याचं कर्ज ही आपलीही भानगड आहे, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पुढच्या नव्वद वर्षांत अमेरिकी सरकारने या साध्या समजुतीचं काय काय केलं, ती गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकांत विखुरलेली सापडते. ती सलग वाचली तर वेगळीच दिसते.

शेतकऱ्यांवर फास टांगायची वेळ आली, कारण वॉशिंग्टनमध्ये कुणी हललं नव्हतं. खरं तर हललं होतं, पण उलट्या दिशेला. जून १९३०मध्ये आयातीवरचे कर वाढवणारा स्मूट-हॉली कायदा झाला. हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी सही करू नका म्हणून लेखी विनवलं. अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी सही केली. इतर देशांनीही कर वाढवले आणि अमेरिकी शेतमालाची गिऱ्हाइकं आटली. ऑक्टोबर १९३१मध्ये, बँका पटापट बुडत असताना, फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने व्याजदर दीड टक्क्यावरून साडेतीनवर नेला, कारण सोनं देशाबाहेर चाललं होतं. अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांचा सल्ला होता की जे सडलंय ते आपोआप गळू द्यावं; हूव्हर यांनीच आपल्या आठवणींत तो नोंदवला आहे.

हूव्हर हे काही दगडाच्या काळजाचे गृहस्थ नव्हते. पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला अन्न पुरवणारा माणूस म्हणून जग त्यांना ओळखत होतं. पण सरकारने थेट घरात पैसे दिले तर माणसाचा कणा मोडतो, अशी त्यांची श्रद्धा होती. संस्थांना दिले तर मात्र मोडत नाही! जानेवारी १९३२मध्ये त्यांनी बँका, विमा कंपन्या आणि रेल्वे कंपन्यांना कर्ज देणारं महामंडळ काढलं. त्याचे प्रमुख चार्ल्स डॉज जूनमध्ये पायउतार झाले आणि काही आठवड्यांतच त्यांच्या शिकागोच्या बँकेला याच महामंडळातून ९ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. जुलैमध्ये सगळ्या राज्यांना मिळून बेकारांच्या मदतीसाठी जी रक्कम ठेवली ती ३० कोटी, आणि तीही कर्जाऊ. त्यानंतर आठवड्याभरात, २८ जुलैला, महायुद्धात लढलेले आणि आपला बोनस आत्ताच द्या म्हणून राजधानीत तळ ठोकून बसलेले माजी सैनिक जनरल मॅकआर्थर यांच्या फौजेने रणगाडे आणून हुसकले. त्यांच्या झोपड्या जळतानाची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली. त्या वर्षीची निवडणूक हूव्हर का हरले, याला आणखी स्पष्टीकरण नको.

तेव्हाचं गृहकर्ज आजच्यासारखं नसे. तीन-पाच वर्षांची मुदत, तोवर बहुधा नुसतं व्याज, आणि शेवटी मुद्दल एकरकमी. चांगल्या काळात बँक तेच कर्ज पुन्हा नव्याने लिहून देई, त्यामुळे कुणाला भीती वाटत नसे. बँकाच बुडायला लागल्यावर लिहून देणार कोण? १९३३मध्ये दिवसाला हजाराच्या घरात घरं जप्त होत होती. एप्रिलमध्ये आयोवातल्या ल मार्स गावी शेतकऱ्यांच्या जमावाने जप्तीचे हुकूम काढू नका म्हणून एका न्यायाधीशाला खुर्चीवरून ओढून गावाबाहेर नेलं आणि त्याच्या गळ्यात दोरी अडकवली. तो बधला नाही. जमावाने त्याला सोडलं. कोठारावरचा फास आता न्यायाधीशाच्या गळ्यापर्यंत पोचला होता.

दोन महिन्यांनी, हूव्हर यांच्यानंतर आलेल्या रूझवेल्ट सरकारने घरमालकांसाठी कर्ज महामंडळ काढलं. या महामंडळाने बँकांकडून थकलेली कर्जं रोख्यांच्या बदल्यात विकत घेतली आणि कर्जदाराला पंधरा वर्षांची मुदत, पाच टक्के व्याज आणि दरमहा सारखा हप्ता असं नवं कर्ज लिहून दिलं. सुमारे दहा लाख घरं या वाटेने गेली. हप्ता चुकला तर माणूस घरी जाऊन चौकशी करी. यातली पाचांतली एक जप्ती तरीही टळली नाही. पण १९५१मध्ये महामंडळ गुंडाळलं तेव्हा हिशेबात थोडासा नफाच उरला होता. मिनेसोटा राज्याने जप्त्या काही काळ रोखणारा कायदा केला, तो सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९३४मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला. पेनी ऑक्शनमधली अंगणातली समजूत आता कायद्याच्या भाषेत आली होती.

शेजारी कुणाला म्हणायचं, हे मात्र सरकारनेच ठरवलं. त्याच महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले: उत्तम वस्ती हिरवी, धोक्याची लाल. काळ्यांची वस्ती जवळजवळ हमखास लाल. १९३४मध्ये आलेल्या गृहनिर्माण प्रशासनाने कर्जाला सरकारी हमी देताना काळ्या वस्त्या वगळणं हे धोरणच केलं. १९६०पर्यंत अमेरिकेत दहापैकी सहा कुटुंबं स्वतःच्या घरात राहू लागली, हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. ज्यांच्या वस्तीवर लाल रंग फिरला होता, त्यांच्या नातवंडांना आजीचं घर वारशाने मिळालं नाही, हे त्या आकड्यात दिसत नाही.

सत्तरच्या दशकात संकटाचं रूप पालटलं. १५ ऑगस्ट १९७१च्या रविवारी संध्याकाळी रिचर्ड निक्सन यांनी टीव्हीवरून ९० दिवसांसाठी भाव आणि पगार गोठवले. पुढच्या वर्षी निवडणूक होती. ती त्यांनी ४९ राज्यं जिंकून मारली. भाव मात्र फार काळ गोठून राहिले नाहीत. १९७३च्या एप्रिलमध्ये गृहिणींनी मांसावर बहिष्कार घातला. उन्हाळ्यात खाद्य महाग आणि कोंबडीचा भाव सरकारने बांधलेला, म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी हजारो पिल्लं पाण्यात बुडवून मारली. टीव्हीवर ते दृश्य पाहिलेल्या पिढीला ‘भावनियंत्रण’ हा शब्द पुन्हा कधी उच्चारावासा वाटला नाही. निक्सन यांच्यानंतर आलेल्या जेराल्ड फोर्ड यांनी १९७४मध्ये महागाईवर उपाय म्हणून लोकांना छातीवर लावायला बिल्ले वाटले. याहून अधिक त्यावर काय लिहावं!

या महागाईने एक गंमत केली. १९६५ला सहा टक्क्यांच्या आसपास घर घेतलेल्याचा हप्ता तेवढाच राहिला आणि पगार फुगत गेला. त्याचं कर्ज महागाईनेच फेडलं. शेजारच्या प्लॉटवर १९८१ला घर बांधू पाहणाऱ्याला अठरा टक्क्यांहून जास्त व्याज सांगितलं गेलं. फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी महागाई मोडायला दर चढवले होते. काम नसलेले बांधकाम ठेकेदार घरांत वापरायच्या लाकडाचे तुकडे कापून, त्यावर व्होल्कर यांचा पत्ता आणि व्याज उतरवण्याची विनवणी लिहून टपालाने पाठवू लागले. १९८२च्या शेवटी बेकारी १०.८ टक्के झाली. महागाई मोडली, हे खरंच. पण दहा वर्षं अध्यक्षांनी दुखणं पुढे ढकललं, आणि शेवटी त्याचं बिल वाहन कारखान्यातल्या कामगाराने आणि बांधकामावरच्या मजुराने भरलं. ऐंशीच्या दशकात गृहकर्ज देणाऱ्या बचतसंस्थांवरचे निर्बंध सैल झाले, हजाराहून अधिक संस्था बुडाल्या आणि करदात्यांच्या माथी सुमारे १२,४०० कोटी डॉलर आले. शिक्षा मात्र तेव्हा शेकडो बँकवाल्यांना झाल्या. ही सवय पुढे सुटली.

ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात, स्लाविक व्हिलेज या वस्तीत, पोलंड आणि बोहेमियातून आलेल्या पोलाद कामगारांनी लाकडी घरं बांधली होती. २००७मध्ये देशात सर्वाधिक जप्त्या याच पिनकोडात नोंदल्या गेल्या. घर रिकामं झालं की चोर आधी तांब्याचे नळ काढत, मग भिंतीबाहेरचे ॲल्युमिनियमचे पत्रे. महिन्याभरात उरे तो नुसता सांगाडा. हे शहर झोपलेलं नव्हतं. लुबाडणारी कर्जं रोखायचा नियम नगरपालिकेने आधीच केला होता. पण राज्याचा स्वतःचा सौम्य कायदा होता आणि त्याच्या आधारे ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये शहराचा नियम रद्द ठरवला. वॉशिंग्टननेही २००४मध्ये राष्ट्रीय बँकांना राज्यांच्या असल्या कायद्यांतून मोकळं केलं होतं. फेडरल रिझर्व्हच्या हाती १९९४पासून फसव्या गृहकर्जांवर नियम करायचा अधिकार होता. एडवर्ड ग्रॅमलिक हे तिथलेच सदस्य सावध करत राहिले. सर्व कर्जदात्यांना लागू होणारे नियम आले जुलै २००८मध्ये. तोवर उत्पन्न नाही, नोकरी नाही, मालमत्ता नाही, अशांना कर्ज देऊन ते गठ्ठ्याने जगभर विकून झालं होतं. त्या ऑक्टोबरमध्ये ॲलन ग्रीनस्पॅन यांनी संसदेपुढे आपल्या विचारसरणीत खोट सापडल्याचं कबूल केलं. अठरा वर्षं फेडरल रिझर्व्ह चालवल्यानंतर.

त्याच महिन्यात ७० हजार कोटी डॉलरचा निधी मंजूर झाला. बुडीत कर्जं विकत घेण्यासाठी, असं संसदेला सांगितलं होतं. अकरा दिवसांत त्यातले १२,५०० कोटी नऊ मोठ्या बँकांच्या भांडवलात घालायचं ठरलं. हे पैसे पुढे नफ्यासह परत आले, हेही नोंदवायला हवं. घरमालकांची योजना नवे अध्यक्ष ओबामा यांनी १८ फेब्रुवारी २००९ला ॲरिझोनात जाहीर केली. तीस ते चाळीस लाख कुटुंबांचे हप्ते कमी करायचं वचन होतं.

दुसऱ्याच दिवशी शिकागोच्या वायदेबाजारातून सीएनबीसी वाहिनीचा वार्ताहर रिक सँटेली कॅमेऱ्यापुढे कडाडला. ज्याने ऐपतीबाहेर जादा न्हाणीघर बांधलं, त्या शेजाऱ्याचा हप्ता तुमच्यापैकी कुणाला भरायचाय, असं त्याने भोवतीच्या दलालांना विचारलं. दलालांनी योजनेची हुर्यो उडवली. सरकारी खर्चाविरुद्धची टी पार्टी चळवळ तिथून पेटली. चार महिन्यांपूर्वी बँकांना मिळालेल्या पैशांवरून अशी चळवळ पेटली नव्हती.

वास्तविक शेजाऱ्याला काही मिळालंच नव्हतं, आणि पुढेही फारसं मिळालं नाही. हप्ता कमी करायचं काम ज्या कंपन्यांकडे सोपवलं, त्या बँकांच्याच वसुली शाखा होत्या, आणि थकीत कर्जावरच्या दंडातून त्यांना कमाई होती. लोकांनी पगाराच्या चिठ्ठ्या, कराची कागदपत्रं, बँकेचे उतारे फॅक्स केले; गहाळ झाले म्हणून पुन्हा मागवले; तोवर पहिले जुने झाले म्हणून तिसऱ्यांदा. एका खिडकीवर सवलतीची बोलणी चालू, दुसरीवर त्याच घराच्या जप्तीचा अर्ज. निधीवर देखरेख करणारे नील बारोफ्स्की यांनी लिहिलंय की अर्थमंत्री टिमथी गाइटनर यांच्या लेखी ही योजना म्हणजे बँकांचं विमान सुखरूप उतरावं म्हणून धावपट्टीवर पसरलेला फेस होता. १९३३च्या महामंडळाने कर्जं स्वतः विकत घेतली होती. इथे बँकेलाच विनवलं गेलं. योजना २०१६ला संपली, तेव्हा टिकाऊ सवलती वीस लाखांच्याही आत होत्या. फेडरल रिझर्व्हच्याच पाहणीत मधल्या अमेरिकी कुटुंबाची निव्वळ संपत्ती २००७ला १,२६,४०० डॉलर होती, २०१०ला ७७,३०० झाली. खोट्या सह्यांनी जप्त्या केल्याबद्दल पाच बँकांनी २०१२मध्ये २,५०० कोटींवर तडजोड केली. घर गमावलेल्यांच्या हाती दीड हजार डॉलरच्या आसपास धनादेश पडला.

कोविडमध्ये सरकारने ही वाट टाळून पाहिली. २०२१च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत मुलामागे दरमहा २५० ते ३०० डॉलर आईबापांच्या खात्यात थेट गेले. दलाल नाही, फॅक्स नाही. त्या वर्षी मुलांमधली गरिबी ५.२ टक्क्यांवर आली. सिनेटमध्ये मुदतवाढीला मतं जमली नाहीत आणि पुढच्या वर्षी तोच आकडा १२.४ झाला. दरम्यान महागाई जून २०२२मध्ये ९.१ टक्क्यांवर गेली. सरकारने ओतलेल्या पैशाचा त्यात वाटा होता; किती, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात.

ही महागाई मोडायला पुन्हा व्होल्कर यांचंच औषध काढावं लागलं. तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर जानेवारी २०२१मध्ये २.६५ टक्के होता, ऑक्टोबर २०२३मध्ये ७.७९. तीन लाख डॉलरच्या कर्जाचा पहिल्या दराने महिन्याचा हप्ता सुमारे १,२०९ डॉलर बसतो, दुसऱ्या दराने २,१५८. एकाच गल्लीत, एकाच नकाशाची दोन घरं, मध्ये लाकडी कुंपण. पहिल्या घरातल्याला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी मिळाली तरी तो जात नाही. हे कर्ज सोडलं तर असं दुसरं मिळणार नाही. त्यामुळे त्याचं घर विकायला निघत नाही आणि कुंपणापलीकडचा भाडेकरू दर रविवारी ‘विकणे आहे’ची पाटी शोधत गल्लीतून गाडी हळू चालवत जातो.