लग्नातली एस्प्रेसो

एखाद्या वस्तूचे खरे स्वरूप कळले, म्हणजे चुकीच्या नावाखाली तिच्यापासून मिळालेला जुना आनंदही खोटा ठरतो काय? प्रश्न तत्त्वज्ञांचा खरा. पण आमच्या माळव्यात तो हिवाळ्यातल्या लग्नांत, मांडवाच्या कोपऱ्यात, वाफेचे फुत्कार टाकीत उभा असतो. बाग-कुक्षीपासून देवासपर्यंत 'एस्प्रेसो' म्हणजे काय, हे कोणास समजावावे लागत नाही. कपात कॉफीची तयार पूड, साखर आणि दूध; यंत्राच्या नळीतून सुटलेल्या वाफेने ते उसळून फेसाळले, की वर चिमूटभर चॉकलेटची पूड. आजोबा दुसरा कप नातवाकरवी मागवतात, मधुमेहाचा विषय त्या रात्रीपुरता निघत नाही.

पुण्या-बंगळुरास नोकरीस गेलेली मुले अशा वेळी म्हणतात, "काका, ही एस्प्रेसो नव्हेच." मुलांचे म्हणणे बरोबर आहे. सुमारे ७ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, ९० अंशांच्या आसपास तापलेले पाणी, हवेच्या दाबाच्या जवळजवळ नऊपट दाब आणि २५-३० सेकंदांचा अवधी, एवढ्यातून जो दोन मोठे चमचेभर दाट अर्क उतरतो, ती एस्प्रेसो. तीवर तांबूस साय धरते. इटालियन लोक तिला क्रेमा म्हणतात. दळण जाड राहिले तर पाणी धावत सुटते आणि अर्क आंबट, पाणचट होतो. फार बारीक झाले तर तो थेंबाथेंबाने गळतो आणि कडवटतो. आधी पाण्याने तोंड स्वच्छ करावे, पहिला घोट साखरेविना घ्यावा, आणि कडूपणामागून येणारी गोडसर चव जिभेवर येईपर्यंत थांबावे. कॅपुचिनोतले दूध ६०-६५ अंशांपलीकडे तापले, तर त्याची अंगची गोडी हरपते. हे सारे कळल्याने कपात भरच पडते. जाणकारीने आस्वाद कोमेजतो, हे मत आम्हांस कधीच पटलेले नाही. राग ओळखता आला म्हणून गाणे बेचव झाल्याचे कोणी सांगितलेले नाही.

अडचण पुढे आहे. शुद्धतेचा आग्रह धरायचा, तर तो कोणत्या वर्षापासून? मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली ज्या यंत्राचे पेटंट मागितले, ते वाफेच्या दाबावर चाले. त्या कॉफीवर आजची साय नव्हती. ती आली दुसऱ्या महायुद्धानंतर, अकिले गाज्जा यांच्या तरफेच्या यंत्रामुळे. बेझेरांच्या काळचा गिऱ्हाईक आजच्या कपाकडे पाहून कदाचित हेच म्हणाला असता, की ही एस्प्रेसो नव्हे! अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या १९३३ सालच्या मोका भांड्यात दाब फार थोडा, म्हणून जाणकार त्यातल्या कॉफीस हे नाव देत नाहीत. इटलीतल्या असंख्य घरांची सकाळ मात्र त्याच भांड्याने होते. शिवाय तिथल्या मिश्रणांना दाटपणा आणि साय यावी म्हणून जी रोबस्टा घालतात, तिच्यात कर्नाटक-केरळच्या डोंगरांतली पुष्कळ असते.

मग नावाला काही अर्थच नाही काय? बाग गावाचे नाव घेऊन तसे म्हणवत नाही. इथले खत्री कारागीर लाकडी ठशांनी कापड छापतात, लोखंडाच्या गंजापासून काळा रंग करतात, धावड्याच्या फुलांसह अलिझरिनच्या पाण्यात कापड उकळून तांबडा रंग चढवतात, नदीच्या वाहत्या पाण्यात ते धुतात. यंत्रावर छापलेले कापड जेव्हा त्याच 'बाग'च्या नावाने विकले जाते, तेव्हा गिऱ्हाईक फसते आणि ठसा धरणाऱ्या हाताची मजुरी बुडते. भौगोलिक मानांकनाची गरज पडते ती यासाठी. कॉफीगृहात एस्प्रेसोचे दाम मोजले आणि कपात करपलेले काळे पाणी आले, तर तो कप आम्ही परत करू, आणि त्यात संकोच मानणार नाही. मांडवातल्या वाफेच्या कपाने मात्र कोणास फसवलेले नाही. देणारा आणि घेणारा दोघेही जाणतात, काय मिळणार ते.

आणि येथे आमचे स्वतःचे मन गुंतलेले आहे, हेही सांगून टाकतो. पवारांबरोबर अठराव्या शतकात धार-देवासास आलेल्या घराण्यांची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे तिच्यातली हिंदी वेचून दाखवतात. त्यांचे व्याकरण चुकत नाही. तरी जिच्यात आमच्या आजीने आम्हांस निजवले, ती मराठी नव्हेच, असे ऐकताना जे वाटते, ते चारचौघांत कप हातात धरलेल्या आजोबांनाही वाटत असावे. शिवाय आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या 'कॉफी' म्हणून जे होत आले, ते दुधात जायफळ-वेलदोडा घालून उकळलेले पेय. म्हैसूरकडचा माणूस त्याला कॉफी म्हणेल की नाही, शंकाच आहे.

मुलांनी मोका भांडे जरूर आणावे, दळणाची जाडी काकूंस शिकवावी. काकूंनी त्या कपावर जायफळ किसले, तर आधी एक घोट घेऊन पाहावा. नावाचे पुढे बोलता येईल.