साहाय्य कोणाच्या मापाने करावे?

दुसऱ्याचे काम आपण करून टाकावे, की ते त्यास स्वतः करिता यावे अशी सोय करून द्यावी? हा प्रश्न आम्हांस एका परसात पडला, म्हणून तो वाचकांपुढे मांडितो.

आमच्या ओळखीचे एक शेतकरी विहिरीच्या कामावर पडले, पाठीच्या कण्यास इजा झाली, व तेव्हांपासून ते चाकांच्या खुर्चीवर आहेत. जमिनीवरील वाफा त्यांच्या हातास लागेना. तेव्हां आम्ही काही जणांनी विटांचा चार फूट रुंद भरीव ओटा बांधून त्यात माती भरून दिली. (तुळशीवृंदावनात माती उंचावण्याची रीत आपल्या देशात जुनीच आहे, तीवरूनच हे सुचले.) ओटा दिसावयास सुरेख होता, परंतु खुर्ची समोरून भिडेना, गुडघे आड येत. बाजूने बसून कंबर पिळावी तेव्हां कडेची एक ओळ काय ती हातास येई. बाकीची खुरपणी आमची मुलेच करीत. दोन महिने त्या गृहस्थांनी आभार मानिले. मग एके दिवशी ते म्हणाले, “पाळकसाहेब, मळा तुमचा, मी नुसता राखणदार.”

आम्हांस राग आला, हे कबूल केले पाहिजे. प्रेमाने केलेल्या कामात खोड काढावी काय? पण विचाराअंती उमगले की, प्रेम होते, विचारपूस मात्र नव्हती. आणि हा मनुष्य यापुढे घेणाराच राहणार, असा निवाडा आम्ही मनातल्या मनात करून टाकिला होता. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ सालच्या कायद्याच्या प्रास्ताविकेत, स्वतःची निवड स्वतः करण्याचे स्वातंत्र्य हे एक तत्त्व म्हणून नमूद आहे. आम्ही तो भाग सभेत वाचूनही दाखविला होता!

पुढे ते खुर्चीत बसले व आम्ही नुसती सुतळी धरिली. गुडघ्यांसाठी खाली २७ इंच मोकळे ठेवून, विटांच्या खांबांवर शहाबादी फरशी बसविली. दोन खांबांत अडीच फुटांचे अंतर. फरशीस पाणी निघण्यापुरती भोके पाडिली. रुंदी दोनच फूट, कारण हात तेवढाच पोहोचतो. मातीवर मात्र वाद झाला. अधिक घालावी तर वाफा छातीशी येतो, कमी घालावी तर उन्हाने लवकर वाळतो. अखेर सहा इंच ठरली. मेथी, कोथिंबीर व पालक यांस ती पुरते, वांग्यास नाही. वांगी आम्ही आमच्याकडे लावू म्हटले. ते नको म्हणाले. वाफ्यापर्यंतची तीन फुटांची वाट चोपून घट्ट केली.

मागील आठवड्यात त्यांच्याकडून मेथीच्या दोन जुड्या आल्या. निरोपासोबत बाजारभावही कळविला होता. आम्ही पैसे पाठविले. त्यांनी मोजून घेतले.