अपूपदान: अनारशाच्या जाळीतील फलाचा प्रश्न

चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे असल्यामुळे दरसाल जो ११ दिवसांचा फरक साचत जातो, तो भरून काढण्यासाठी साधारणतः ३२ ते ३३ महिन्यांनी पंचांगात एक महिना वाढवावा लागतो. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत, म्हणजे एका राशीतून दुसऱ्या राशीत प्रवेश, होत नाही तोच हा अधिक मास, लोकांच्या तोंडचा धोंड्याचा महिना. धर्मशास्त्राने याला मलमास मानून त्यात काम्य कर्मांचा, म्हणजे विशिष्ट फलाच्या इच्छेने आरंभलेल्या कर्मांचा, निषेध केला. पुराणकथेने मात्र स्वामीविहीन ठरलेल्या या महिन्याला विष्णूचे पुरुषोत्तम हे नाव दिले. त्यात सांगितलेले मुख्य दान अपूपदान होय. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेल्या ‘धर्मसिंधु’ या निबंधग्रंथात, गूळ आणि तूप घालून केलेले ३३ अपूप कांस्यपात्रात ठेवून द्यावेत, असा विधी आला आहे; अपूप म्हणजे पिठाचा गोड, तळीव पदार्थ, आणि महाराष्ट्रात त्याची जागा अनारशाने घेतली. त्याला जितकी छिद्रे असतील तितकी वर्षे दात्याला पुण्यलोकी वास घडतो, असे या दानाचे फल सांगितले जाते. ज्या महिन्यात फलाची इच्छा धरून काही आरंभू नये, त्याच महिन्यातील दानाला इतके मोजून-मापून फल का जोडावे, हा प्रश्न येथे उभा राहतो.

त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी अनारसा कसा होतो हे नीट पाहिले पाहिजे. धुळ्यात पांझरा नदीच्या उत्तर तीरावरील देवपुरात, जेथे खानदेशातील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी एकवीरा देवी आहे, तेथील रीत उर्वरित महाराष्ट्रापेक्षा फारशी निराळी नाही. तांदूळ तीन दिवस भिजत घालून त्यांचे पाणी रोज बदलावे लागते, नंतर ते उपसून सावलीत कापडावर पसरायचे, किंचित ओलसर असतानाच कुटून चाळायचे, त्यात तितकाच गूळ किंवा साखर आणि चमचाभर तूप घालून गोळा मळायचा आणि तो काही दिवस मुरू द्यायचा. मग खसखशीवर थापलेला अनारसा, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आचेवरील तुपात सोडतात आणि तो न उलटता वरून झाऱ्याने तूप उडवत राहतात. तमिळनाडूत दिवाळीला होणारा अधिरसम् आणि आंध्रात संक्रांतीला होणारे अरिसेलु ही याचीच भावंडे. तेथे गुळाचा पाक करून त्यात ओलसर तांदळाचे पीठ घालतात, आपल्याकडे गूळ कच्चाच मळला जातो. या सर्व खटाटोपात जाळी मात्र कोणाच्याही हाताने पाडली जात नाही. पिठातला ओलावा वाफ होऊन निघताना ती आपोआप उमटते. पीठ अधिक सुकले तर अनारसा दडस होतो, ओल वा गूळ वाढला तर तो तुपात पसरून विरतो, आणि अशा वेळी सुगरणी ‘अनारसा हसला’ असे म्हणतात. २०२३ चा अधिक मास ऐन पावसात, श्रावणात आला, तर २०२६ चा ज्येष्ठात, खानदेशच्या उन्हाळ्यात येतो, म्हणून एका खेपेचा अंदाज दुसऱ्या खेपेला पुरत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, साधने, विविध क्रिया आणि पाचवे दैव, म्हणजे कर्त्याच्या हाती नसलेला भाग. जाळी ही या पाचव्या कारणाची आहे. मीमांसकांच्या भाषेत ‘द्यावे’ हा विधी आणि फलाची स्तुती हा अर्थवाद, म्हणजे विधीकडे मन वळवणारे प्रशंसावचन; तेव्हा छिद्रांची गणती शब्दशः घेण्याचे कारण उरत नाही. पण केवळ अर्थवाद म्हणून ती बाजूला सारणेही पुरेसे नाही, कारण ज्याने हे वचन योजले त्याने फल नेमके अशा गोष्टीशी जोडले जी दात्याला ठरवता येत नाही, आणि त्यामुळे फलाची भाषा बोलूनही फलावरचा हक्क त्याच्याकडून काढून घेतला.

खरी अडचण पात्राची, म्हणजे दान घेणाऱ्याची, आहे. ग्रंथांत हे दान ब्राह्मणाला सांगितले आहे. घरोघरच्या रूढीत ते लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून, दिव्यासह दिले जाते. गीतेचा सतरावा अध्याय मात्र ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशालाच दिलेले दान सात्त्विक मानतो, आणि लेकीला सासरी सुख लागावे ही अपेक्षा, कितीही मायेची असली तरी, अपेक्षाच असते. अलीकडे वाणाला चांदीची भांडी, अंगठी आणि भारी कपडे यांची जोड मिळू लागली आहे. जेथे ती सासरच्या मागणीवरून द्यावी लागते, तेथे निषिद्ध ठरलेले काम्य कर्मच मागल्या दाराने परत येते आणि लेकीच्या आईबापांवर अन्याय होतो, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्याच तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुरुषोत्तमयोग नावाच्या पंधराव्या अध्यायाचे विवरण करताना विनोबांनी क्षर सृष्टीला सेवेचे साधन, अक्षर आत्म्याला सेवक आणि पुरुषोत्तमाला सेव्य म्हटले. या मांडणीत चार दिवसांत संपणारा अनारसा साधनाच्या जागी बसतो, आणि सेव्याच्या जागी जावयाला बसवायचे तर त्याच्याकडे नारायण म्हणूनच पाहावे लागते. ते साधत नसेल, तर तेच ३३ अनारसे ज्याच्याशी घराचा कोणताही व्यवहार नाही अशा माणसाच्या हाती ठेवणे शास्त्राला अधिक धरून होईल.