चोखंदळ यंत्राच्या बाजूने

‘कचऱ्यातून ऊर्जा’ हे शब्द ऐकले की कसं सुटल्यासारखं वाटतं. घाण घरातून गेली आणि वर पुण्यही मिळालं. पण कचऱ्याची वीज झाली म्हणजे तो करणाऱ्याचा हिशोब चुकता होतो का?

आपल्याच जिल्ह्यातली दोन यंत्रं घेऊ. एक मोशीचं. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या या वीजप्रकल्पाचं उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी झालं. वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा वापरण्याची त्याची क्षमता सांगितली गेली. दुसरं यंत्र म्हणजे भोर-वेल्ह्याकडे गोठ्याशेजारी दिसणारी गोबरगॅसची टाकी.

टाकी म्हणजे एक पोटच. आत हवा नाही, जिवाणू शेण खातात आणि मिथेन सोडतात. एक घनमीटर गॅसला साधारण २५ किलो शेण लागतं. चार-पाच माणसांच्या स्वयंपाकाला याच्या दुप्पट, आणि तेवढंच पाणी. उरलेली स्लरी भाताच्या खाचरात जाते. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने याच पोटाला खरकटं आणि पिठूळ पदार्थ खाऊ घातले आणि २००६ मध्ये त्यासाठी ॲश्डेन पुरस्कार मिळवला. शेणातलं बरंचसं सत्त्व गाय आधीच पचवून बसलेली असते, त्यामुळे त्याच गॅससाठी खरकटं कितीतरी कमी लागतं. मात्र या पोटात प्लास्टिक किंवा फिनेल गेलं की ते बिघडतं.

प्रोग्रॅमिंगमध्ये याला इनपुट व्हॅलिडेशन म्हणतात. चुकीचा डेटा आला की एरर द्यायची. जी सिस्टीम काहीही मुकाट्याने गिळते, तिला वापरणारे हळूहळू काहीही पाठवायला लागतात. टाकी एरर देते, आणि तीही तुमच्याच चुलीवर. भट्टीची एरर आपल्यापर्यंत येतच नाही. खरं तर ओला कचरा तिलाही नको असतो, बरीच उष्णता पाणी उडवण्यातच जाते. म्हणून जाळण्याआधी तो निवडावा लागतो. पण निवडणारा कुणी दुसराच असतो. शिवाय कोट्यवधी खर्चून उभी केलेली भट्टी रोज भरावी लागते. शहराने कचरा कमी केला तर तिची उपासमार. ज्या यंत्राला आपली वाईट सवय टिकलेलीच परवडते, त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास बसत नाही.

आता माझ्याच बाजूतली गोम. टाकीचे लाड गावात कुणी पुरवले? शेण वाहणं, पाणी आणणं, हाताने कालवणं हे बहुतेक बायकांच्या वाट्याला आलं. सिलिंडर आल्यावर एखादीने टाकी कोरडी पडू दिली असेल, तर तिला पर्यावरण शिकवायचा मला काय अधिकार? शहरातही तेच. ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक पुण्यात दारोदार जाऊन कचरा गोळा करतात, आणि आपण न वेगळं केलेलं त्यांना हाताने वेगळं करावं लागतं. चोखंदळ यंत्र चांगलं, पण त्याची शिस्त कचरा करणाऱ्याने पाळली तरच. नाहीतर तो फक्त कुणावर तरी लादलेला आणखी एक कष्ट.

पानशेत आणि वरसगावची धरणं वेल्ह्यात आहेत. तिथल्या जमिनी बुडाल्या आणि पाणी पुण्याला आलं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला. तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला वास आला. हव्या त्या वस्तू गावाकडून आणायच्या आणि नको त्या गावाकडे पाठवायच्या, ही व्यवस्था जुनीच आहे. लांबच्या भट्टीने धूर गाळला, वीज दिली, तरी ही दिशा बदलत नाही.

म्हणून शहरातलं खरकटं शहरातच, शक्यतो सोसायटीच्या आवारातच पचवावं असं मला वाटतं. वास येईल, कधी गॅस कमी पडेल, भांडणं होतील. होऊ देत. आमच्या सोसायटीत टाकीला जागा पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यातच निघू शकते. त्यासाठी दोन गाड्या हलवाव्या लागतील, आणि त्यातली एक माझी आहे.