सांगितलं म्हणजे सुटलो का?

माझ्याकडं अठरा वर्षं एक जुनी जीप होती. सुलतानपुरातल्या जाणत्या माणसांना ती आठवत असेल. ताडपत्रीचं छप्पर होतं आणि मूळ रंग कोणता, हे मलाही नक्की सांगता येत नसे. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात बैलगाडी आसापर्यंत रुतायची. तिथून ही जीप पुढची चाकं जोडली की गुरगुरत बाहेर यायची.

ही जात मूळची लढाईची. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढं ती खेड्यापाड्यांत आली. लढाईच्या गाडीवर आम्ही खताच्या गोण्या लादल्या, बाळंतिणी नेल्या, निवडणुकीचे भोंगे बांधले, नवरदेव मिरवले. सहा माणसांच्या जागेत चौदा कोंबली. मग झीज होणारच. तो दोष गाडी बनवणाऱ्याचा नव्हे, आमचा.

२००३ च्या उन्हाळ्यात लेकीचं लग्न ठरलं आणि जीप विकायला काढली. गावातल्याच एका पोरानं ६२ हजाराला मागितली. मेहकर रोडला एक चक्कर मारून पाहिली, खूश झाला, ५ हजार इसार दिला. बाकीचे आठ दिवसांनी द्यायचे ठरले. लोणार, मेहकरच्या सवाऱ्या मारायच्या आणि गुरुवारी शेगावची फेरी करायची, असा त्याचा हिशोब होता.

त्या आठ दिवसांतच पाहुण्यांना मलकापूरला रेल्वेत बसवून द्यायचं काम निघालं. आमच्या मिस्त्रीलाही मलकापुरात काम होतं, तो पुढं बसला. चिखली, बुलढाणा करत राजूर घाटाला लागलो. उतारावर मी दुसरा गिअर टाकून पाय सोडला. थोडं खाली गेलो अन् दांडा 'खट्' करून आपोआप न्यूट्रलला आला. इंजिनाचा आवार सुटला आणि गाडी मोकाट धावायला लागली. ब्रेक दाबला, पुन्हा दुसरा टाकला, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा मिस्त्रीनं दोन्ही हातांनी दांडा दाबून धरला, तो थेट पायथ्यापर्यंत. मागं बसलेल्या पाहुण्यांच्या गप्पा चालूच होत्या. त्यांना यातलं काही कळलंही नाही.

गाडीवर पाहुणे बसवून परत निघालो, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "भाऊ, आता बोलू नका. नुसतं आयका."

आधी तो गाडीखाली शिरला. गिअरबॉक्सचे बोल्ट ढिले झाले तरी गिअर सुटतो. बोल्ट घट्ट होते. मग इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये क्लच दाबायला लावला, सोडायला लावला. सोडल्यावर घरघर येत होती, दाबल्यावर बंद होत होती. म्हणजे दुखणं क्लचच्या बेअरिंगचं नव्हतं, पेटीच्या आतलं होतं. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये रडका आवाज यायचा, टॉपमध्ये नाही. घाट चढताना दुसरा गिअर सुटला नाही, कारण तेव्हा इंजिन चाकांना ओढतं. उतारावर चाकंच इंजिनाला ढकलतात, दात्यांच्या दुसऱ्या बाजूवर जोर येतो आणि घासलेला दाता निसटतो. बुलढाण्यात थांबून त्यानं पेटीचं बूच जरा ढिलं केलं, नव्वद नंबरचं तेल चार थेंब बोटावर घेतलं आणि उन्हात धरलं. तेलात पिवळी चमक होती. पितळेच्या रिंगांची ती पूड.

"पण टॉपमधी आवाज काऊन येत नाही?" मी विचारलं.

"टॉपमधी जोर सरळ मागं जाते. खालचा शाफ्ट तवाबी फिरतेच, पण त्याच्यावर ओझं नसते. ओझं नसलं की खराब बेअरिंगबी गप राहते, भाऊ."

पोरानं जीप मेहकर रोडला सपाटीवर, टॉपमध्ये चालवून पाहिली होती.

मिस्त्री पुढं म्हणाला, "पेटीत जाड तेल अन् मूठभर लाकडाचा भुसा टाकला तर महिनाभर आवाज यायचा नाही. टाकू का?" माणूस वाईट नव्हता. चहात साखर टाकू का, असं विचारावं तसं त्यानं विचारलं.

त्या रात्री झोप लागली नाही. सौदा झाला तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं? जुनी गाडी माणूस जुनीच समजून घेतो. घेणाऱ्यानं पारखून घ्यावं, ही जगाची रीत. शिवाय लग्न तोंडावर होतं. सगळं बरोबर वाटत होतं, पण वडलांचा एक सौदा आठवला. बाजारात बैल विकताना गिऱ्हाईक दात पाहत होतं, तर वडलांनी आपणहून सांगितलं, "भारी रानात हा बसतो." भाव कमी आला. घरी आल्यावर आई बोलली तर म्हणाले, "बैल तर दुसऱ्या दिवशी बसून सांगणारच होता. मी एक दिवस आधी सांगितलं."

आणि बैल बसला तर नुकसान घेणाऱ्याचंच. इथं तसं नव्हतं. आमचा भाग पठारावरचा, शेगाव खाली पूर्णेच्या खोऱ्यात. उतार लागणारच, आणि तेव्हा मागं बसलेली दहा-बारा माणसं या सौद्यात कुठंच नव्हती.

सकाळी पोराला बोलावून सगळं सांगितलं. ९ हजार कमी केले. ५३ हजारात व्यवहार झाला. त्या रात्री मी गाढ झोपलो. आपण खरं बोललो, आता आपलं काही देणं राहिलं नाही, असं वाटलं.

श्रावणात मेहकरला जायला म्हणून त्याच जीपमध्ये बसलो. मागं शेगावला निघालेल्या बाया, मांडीवर लेकरं. पाहतो तर गिअरच्या दांड्याला ट्यूबची पट्टी बांधून सीटच्या लोखंडाला ताणलेली.

"काका, तुमीच सांगतलं होतं ना, दुसरा सुटते म्हून? जुगाड केला." पोरगा हसला.

"पैसे कमी केले होते ते?"

"हप्त्यात गेले. अन् काका, आता गाडी माही हाय."

त्याचं खरं होतं. गाडी त्याची होती, आणि मी सांगितलं होतं. पण मागच्या बायांना कोणी सांगितलं होतं? मी ९ हजारात माझी झोप विकत घेतली होती. गाडीतला दोष जिथं होता तिथंच होता. ओझं खाली ठेवलं असं मी समजत होतो. खरं तर ते फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर दिलं होतं, आणि त्यानं ते न विचारता त्या बायांच्या डोक्यावर ठेवलं होतं.

मेहकरला उतरताना मी म्हटलं, "या बायांना सांग पट्टी कशाची हाय ते. मग मी काही बोलत नाही." तो गप झाला. पण सांगितलं नाही.

लग्नातून उरलेले ४ हजार मी द्यायचे ठरवले, बाकीचे त्यानं घालायचे. घरी मंडळी बोलल्या, "अहो, दोनदा भाव कमी करू राह्यले, मंग दानच द्यायची होती." त्यांचंही खोटं नव्हतं. एखाद्याला विकलेल्या वस्तूच्या मागं किती दिवस फिरायचं, याला काही मर्यादा हवीच. ती मर्यादा कुठं, हे मला आजही नेमकं सांगता येत नाही. एवढंच वाटतं, की ज्याचा जीव टांगणीला आहे त्याला जोवर माहीत नाही, तोवर माहीत असणारा सुटत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मिस्त्रीनं पेटी उघडली. दात्यांचे कोपरे चघळल्यासारखे गोल झालेले. गिअर सरकवणारा फोर्क एका बाजूनं पार पातळ झालेला. तो माझ्या हातात देत मिस्त्री म्हणाला, "भाऊ, चालवताना डावा हात दांड्यावर ठेवायची सवय हाय ना तुमाले? हाताचं वजन सारखं याच्यावर येते. यानं घासते हा."

अठरा वर्षं मी डावा हात तिथंच ठेवला होता. गाडीचा दोष म्हणून जो मी मोठ्या मनानं सांगत होतो, त्यातला बराचसा माझ्या हाताचा होता.

आता मेहकरजवळून समृद्धी महामार्ग गेला. तिथं सगळे टॉपमध्येच जातात आणि सगळ्या गाड्या चांगल्याच वाटतात. त्या पोरानं पुढं जीप विकून दुसरी गाडी घेतली. विकताना त्यानं काय सांगितलं, मी विचारलं नाही. तो पातळ झालेला फोर्क आमच्या देवळीत आहे. ट्रॅक्टरवर बसलो की मी डावा हात मांडीवर ठेवतो.